सतरा वह्या आणि एक खोडलेली ओळ

मी, पुष्पांजली पंजाबराव घाटोळ, वय ७३, अविवाहित, निवृत्त शिक्षिका, राहणार वडनेर भोलजी, ता. नांदुरा, जि. बुलढाणा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. बुद्धी शाबूत आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. पूर्वीचे मृत्युपत्र, ज्यात माझ्या वह्या मी भाचा शेखर याला दिल्या होत्या, रद्द समजावे.

१. राहते घर भावजय सुभद्राबाई, म्हणजे शेखरची आई, हिला. माझं बिनसलं ते तिच्या मुलाशी, तिच्याशी नाही.

२. बँकेतील ठेव अंत्यविधी करून उरेल ती गावच्या वाचनालयाला. तेरवीचे जेवण घालू नये. माझ्याबद्दल चार शब्द बोलायला लोकांना त्र्याहत्तर वर्षे मिळाली होती.

३. शेखरबाबत. चाळीस वर्षे मी या वह्यांत वऱ्हाडीत गोष्टी लिहिते. एका प्रकाशकाने 'भाषा सुधारा' असे कळवले. मी सुधारली नाही, त्यांनी छापले नाही. शेखर दर रविवारी यायचा. "आत्या, वाच ना वं. तुह्या तोंडून आयकाले मजा येते." मी वाचायची. वह्या खराब झाल्या तर असावेत म्हणून पानांचे फोटोही काढू दिले.

मोबाईलवर गाजलेले त्याचे व्हिडिओ त्यातूनच निघाले. लुगडं नेसून तो माझी माणसं बोलतो आणि लेखक म्हणून स्वतःचं नाव देतो. मला हे कळलं ते दिवाळीनंतर, नांदुऱ्याला त्याचा सत्कार झाला तेव्हा. शाल त्याला मिळाली. मला व्यासपीठावर बोलावून साडी-चोळी दिली, कलाकाराची आत्या म्हणून.

मग त्याने तेराव्या वहीतलं 'बुढीचं गठुडं' सादर केलं. माझी आई शेवटच्या वर्षी रोज दुपारी कपड्यांचं गाठोडं बांधून माहेरी, सोनाळ्याला निघायची. उंबरठ्यापाशी थकून बसायची. ते लिहायला मला चार महिने लागले. त्यातली एक ओळ मी खोडली होती: "उंबरठा वलांडनं होत नाही, अन् बुढीले सोनाळ्याची यष्टी पाह्यजे!" आईच्या दुखण्याला कंटाळून लिहिलेली, तिची टिंगल करणारी ओळ. आई गाठोडं सोडून पुन्हा बांधते तिथे सभागृह गप्प झालं. म्हणजे लोकांना कळतं. लगेच शेखरने ती खोडलेली ओळ घेतली आणि शिट्ट्या वाजल्या. बाहेर पडताना सगळ्यांच्या तोंडी तेवढीच होती.

घरी आल्यावर त्याला विचारलं.

"वहीत राहून काय होनार होतं, आत्या? लोकायले चेहरा लागते. लिहिनाऱ्याचं नाव कोन वाचते वं?"

"ती ओळ खोडलेली होती, शेखर."

"तिच्यावरच तं शिट्ट्या पडल्या!"

शेखरला ती साडी-चोळी द्यावी. घडी मोडलेली नाही. त्याला नेसायला लागते.

४. सतरा वह्या व लेखनाचे सर्व हक्क कोकिळा तायडे, ग्रंथपाल, हिला. माझी विद्यार्थिनी. सत्काराच्या दिवशी बसस्टँडवर भेटली. "बाई, गठुडं तुमचंच नं? शाळेत वाचून दाखवलं होतं तुम्ही."

हो म्हणाले. मग विचारलं, त्या ओळीवर तू हसलीस?

"हाव बाई. खोटं काऊन बोलू? लय हासले. मंग तुमच्याकडं पाह्यलं."

त्या दिवशी मला खरं सांगणारी ती एकटी. छापायचं की नाही, तिने ठरवावं. छापल्यास माझं पूर्ण नाव घालावं, भाषा सुधारू नये, शेखरची प्रस्तावना घेऊ नये. ती ओळ छापू नये. वहीतलं ते पान मात्र फाडू नये, ओळ काळी करू नये. ती मीच लिहिली होती.

वरील मजकूर दोन्ही साक्षीदारांना मोठ्याने वाचून दाखवून त्यांच्यासमोर सही केली; त्यांनी माझ्यासमोर सह्या केल्या. यातून दोघांना काहीही मिळणार नाही, हे त्यांना आधीच सांगितले आहे.

सही: पुष्पांजली पं. घाटोळ

साक्षीदार:
१. आशाबाई वसंतराव क्षीरसागर, शेजारी
२. हरिओम किसनराव डांगे, निवृत्त पोस्टमास्तर

स्थळ: वडनेर भोलजी
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२५