वैनगंगेचा बांबू आणि टेलिव्हिजनचा समुद्र

प्रिय मधू,

तुझी टेलिव्हिजनवरची बायको काल तुझ्या अस्थींचा कलश घेऊन बालाघाटात माझ्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, "ताई, परवानगी द्या. मधूला समुद्रात सोडायचंय." म्हणून लिहायला बसले. नाहीतर तुला पत्र टाकणं मी केव्हाच सोडलं होतं. उत्तर कधी दिलंस?

मला तार मिळेपर्यंत तुझी ही मालिकेतली मंडळी अग्नी देऊन मोकळी झाली होती. माझा पत्ता म्हणे तुझ्या पेटीतल्या माझ्याच पत्रांवर सापडला.

काय ती मंडळी! गेल्या उन्हाळ्यात मुंबईला आले, तेव्हा तुझ्या शेजाऱ्यांकडे सतरंजीवर बसून तुमची मालिका पाहिली होती. समुद्रकाठचं गाव म्हणे! वाळू घरबांधणीची, लाटा म्हणजे हलवलेली चादर. कोळीण गालांना पावडर फासून मासे विकते. म्हातारा खलाशी वादळातून परततो आणि त्याच्या सदऱ्याची इस्त्री मोडत नाही. आणि तू? लाल टोपी घालून छाती बडवत होतास, "माझा दर्या! माझा दर्या!" खऱ्या समुद्रात घोट्यापलीकडे कधी गेलास रे?

काल चहा घेताना तुझ्या या बाईंनी विचारलं, "वेंगुर्ल्याहून तुम्ही इकडे कधी आलात?"

"कुठून?"

"मधू सांगायचा ना! 'आमचं घर वेंगुर्ल्याला, अंगणातून समुद्र दिसतो.'"

अंगणातून! आपल्या अंगणातून बांध घातलेल्या धानाच्या बांध्या दिसतात, मधू. त्यांच्यापलीकडे वैनगंगा. आई, बाबा, मी, सगळ्यांना पुसून टाकलंस? बालाघाटची एवढी लाज वाटली?

घाटावर बसून तूच विचारायचास, "ताई, समुद्र याच्याहून मोठा रायते का?" मी म्हणायची, "हौ, पण त्याचं पानी पिता येत नाही." तेवढं मात्र विसरलास.

कलश उचलून बाईंच्या हाती परत द्यावा, असंच मनात आलं होतं. जा घेऊन, वेंगुर्ल्याचा आहे ना तुमचा मधू!

तेवढ्यात त्या डोळे पुसता पुसता हसल्या. "पण हट्टी फार! होडीत उभा राहून बांबू मारायचा. दिग्दर्शक ओरडायचे, 'अरे वल्हं घे! समुद्रात बांबू तळाला टेकतो का?' प्रेक्षकांनीही टिंगल केली. तरी ऐकेना. म्हणायचा, आमच्याकडे असंच चालवतात."

आमच्याकडे! वेंगुर्ल्याला? गाढवा, तो बांबू तू शाळा बुडवून वैनगंगेत मासे मारणाऱ्या ढिवरांच्या डोंग्यात शिकलास. त्यापायी बाबांचा मारही खाल्लास. तोंडाला खोटं जमलं, हातांना नाही जमलं. नट म्हणूनही तू कच्चाच!

मी बाईंना सरळ सांगितलं, "कलश कुठे जाणार नाही."

त्या म्हणाल्या, "मग आम्ही समुद्राला काय देऊ?"

कलशासोबत त्यांनी तुझं नाटकी सामान आणलं होतं. त्यातलंच उत्तर मी त्यांना दिलं.

रविवारी वैनगंगेच्या घाटावर डोंगा आणायला ढिवराला सांगितलं आहे. कलश माझ्या मांडीवर असेल. वल्ह्याला कोणी हात लावणार नाही, डोंगा बांबूनेच चालेल, हा माझा शब्द. आणि उद्या बालाघाटात घरोघरी टेलिव्हिजन आला, तरी तुमचा तो चादरीचा समुद्र मी पुन्हा बघणार नाही, हाही.

तुझी,
ताई

देवघेव झाली ती अशी: तांब्याचा कलश, तोंडाला पांढरं फडकं बांधलेला, मी ठेवून घेतला. कोळ्याची लाल टोपी बाईंना परत दिली, समुद्रात सोडायला.