जावईबापू आणि आउटबॉक्स

२७ फेब्रुवारी, गुरुवार. महाळुंगे.
आजपासून शिस्त. सकाळी कादंबरी, दुपारी सासऱ्यांचं ऑफिस. वाकडच्या फ्लॅटमध्ये वरचा माणूस दिवसभर ड्रिल मारतो, तिथे लिहिणं अशक्य. म्हणून मुक्काम सासुरवाडी. तनुजा वाकडलाच, तिला नोकरी आहे. मी माझी सोडली. आयटीत राहून क्रियापदाशिवायची कादंबरी होत नाही. तनुजा म्हणते, तुझ्या कादंबरीत कुणी काही करतच नाही. नेमकं तेच तर!

सासरे सोपानराव समोरच्या कंपनीची कॅन्टीन चालवतात. कॉन्ट्रॅक्ट मार्चअखेर संपतंय. नवं कोटेशन ५ मार्चपर्यंत द्यायचं, मेलनेच, आणि कंपनीकडे नोंदवलेल्या आयडीवरूनच. तो आयडी फक्त ऑफिसातल्या म्हाताऱ्या पीसीवर, एका पुराणकालीन ई-मेल प्रोग्रॅममध्ये. पासवर्ड घरात कुणालाच माहीत नाही. प्रोग्रॅमला माहीत आहे, पण तो नुसते ठिपके दाखवतो.

सोपानराव म्हणाले, जावईबापू, येवढं कोटेशन तुमी धाडा. काम पुन्हा हाती आलं की ऑफिस तुमच्याच ताब्यात. म्हटलं, झालं समजा.

सकाळीच वायफायवाला नवा राउटर बसवून जुनी वायर काढून गेला. टायपिंगला बसलो तर सोपानराव दचकले. आज अमुश्या! अमुश्येच्या तारखेनं फाइल सुरू न्हाई करायची. मग काय, दोन क्लिकमध्ये कॉम्प्युटरचीच तारीख मागच्या दसऱ्याची केली. साडेतीन मुहूर्तांपैकी एक! सासरे बेहद्द खूश. सासूबाईंना हाक मारून म्हणाले, आगं बघ, जावयानं दसरा आणला घरात. लगेच शिरा झाला.
तारीख उद्या पूर्ववत करणे.

२८ फेब्रुवारी
शिऱ्यामुळे उशिरा उठलो. कादंबरी शून्य ओळी, पण विचार भरपूर.
दुपारी सेंड दाबलं. कोटेशन आउटबॉक्सात जाऊन बसलं ते बसलंच. मध्ये एक इंग्रजी चौकोन आला. सर्टिफिकेट, व्हॅलिड, डेट असलं काहीतरी. ओके दाबलं. हे चौकोन सामान्य माणसांसाठी असतात.
निदान: नवा वायफाय. जुन्या प्रोग्रॅमला नवी हवा मानवत नाही.
चिमाबाई दारात आल्या, हात पिठाचे. कॅन्टीनच्या चपात्यांचा कारभार त्यांच्याकडे. म्हणाल्या, ग्येला का मेल? म्हटलं, निघालाय. तर म्हणतात, निघालाय म्हंजी? गेटापाशी तरी पोचला का?

१ मार्च
राउटर हलवला. आधी तांदळाच्या पोत्यांवर, मग फ्रिजवर, शेवटी देवघराशेजारच्या फळीवर. सासूबाईंनी त्याला हळदकुंकू वाहिलं. सिग्नल फुल. सगळ्यांच्या मोबाइलवर व्हिडिओ धडाधड चालतात. म्हणजे वायफाय चांगला आहे, फक्त मेलशी त्याचं वाकडं आहे. हा शोध महत्त्वाचा.
मेहुणा कुलदीप म्हणाला, दाजी, चाकणला कॉम्प्युटरवाला हाय वळखीचा, गाडीवर बशिवतो अन् आणतो. मी काही बोलायच्या आत सोपानरावांनीच त्याला झापलं. जावयाच्या कामात हात घालायचा न्हाई, जावई हायेत ते. कुलदीपने गाडीची किल्ली परत खुंटीला लावली. संस्कार आहेत या घरात.

२ मार्च, रविवार
मटण. झोप. तसेही रविवारी सर्व्हर मंद असतात.

३ मार्च
मेल सर्व्हिसच्या कस्टमर केअरला फोन. बरंच संगीत ऐकल्यावर एक मुलगी आली. म्हणाली, सर, तुमच्या कॉम्प्युटरची वेळ बरोबर आहे का? खालच्या कोपऱ्यात पाहिलं, भिंतीवरच्या घड्याळाशी ताडलं. मिनिटाचाही फरक नाही. म्हटलं, तंतोतंत. म्हणाली, आणि तारीख? म्हटलं, मॅडम, मी स्वतः आयटीत होतो. फोन ठेवला. अशा लोकांना नोकऱ्या मिळतात आणि मी सोडतो.
नवा संकल्प: प्रोग्रॅम काढून पुन्हा टाकणे. कुलदीपने धावत येऊन माउसच धरला. दाजी, पासवर्ड बी त्याच्याबरबर जाईल की. हे मला सुचणारच होतं.

४ मार्च
कादंबरी बंद. डोकं दुखतंय.
ऑफिसच्या भिंतीला स्वयंपाकघर लागून आहे, सगळं ऐकू येतं. सासूबाई म्हणत होत्या, आवो, त्यांला इचारा तरी, जमतंय का न्हाई. सोपानराव म्हणाले, जावयाला असं कसं इचारायचं? त्यावर चिमाबाई म्हणाल्या, मग मी इचारू? माझा कुटं जावई हाय त्यो. सगळ्या बाया हसल्या. मग त्याच म्हणाल्या, ह्ये काम सुटलं तर एप्रिलात आमी कुटं जायचं, त्ये बी इचारते. तेव्हा कुणी हसलं नाही. नुसता लाटण्यांचा आवाज.
साधी माणसं. प्रोसेस कळत नाही, म्हणून घाबरतात.
संध्याकाळी कुलदीप परत आला. दाजी, कंपनी रस्त्यापल्याड हाय. मी जातो, पर्चेसच्या नेहा मॅडमला सांगतो मेल अडकलाय, दुसऱ्या आयडीवरनं चालंल का इचारतो. म्हटलं, अजिबात नाही. आपल्याकडे टेक्निकल माणूस नाही असं वाटेल त्यांना. कुलदीपने वडलांकडे पाहिलं. वडलांनी फरशीकडे.
सोपानराव जेवले नाहीत. पित्त असेल.

५ मार्च, दुपारी
गेला! गेला!! गेला!!!
सेटिंगमध्ये आत आत गेलो. सिक्युरिटीची एक टिक होती, ती काढली. धोक्याचा चौकोन आला, त्याला ओके मारलं. सेंड. आउटबॉक्स रिकामा! अखेर प्रोग्रॅमला माणूस भेटला. कोटेशनच्या कागदावर ५ मार्च ही तारीख आठवणीने हाताने टाइप केली होती. माझ्या नजरेतून बारीक गोष्ट सुटत नाही.
सोपानरावांनी पेढे आणवले. डोळे पुसले त्यांनी. चिमाबाईंनी माझी दृष्ट काढून कानशिलावर कडाकडा बोटं मोडली, पीठ लागलं केसांना. तनुजाला फोन करून सांगितलं, आता ऑफिस माझ्याकडे. ती म्हणाली, पोचल्याचं उत्तर आलं का? संशयी स्वभाव.

८ मार्च
ऑफिसची नवी मांडणी कागदावर काढली. माझं टेबल खिडकीशी. राउटर मात्र देवघराशेजारीच, शुभ आहे.
कंपनीकडून उत्तर नाही. उशीर होतोय म्हणजे बारकाईने वाचतायत.

१० मार्च
उत्तर नाही. सोपानराव दिवसभर रस्त्यापल्याड बघत बसतात. म्हटलं, मी करू का फोन? म्हणाले, नगं. तुमी नगा त्रास घेऊ.

१२ मार्च
कुलदीप न विचारताच कंपनीत जाऊन आला.
नेहा मॅडम म्हणाल्या, मार्चमध्ये तुमचा मेलच नाही, आम्ही समजलो तुम्हाला काम नको. याने हातापाया पडून नावाने शोधायला लावलं. सापडला. मागच्या ऑक्टोबरात. दसऱ्याच्या शुभेच्छांच्या मेलांच्या खाली, दिवाळीच्या मिठाईच्या कोटेशनांच्या वर. मेलवर पाठवणाऱ्या मशीनची तारीख पडते म्हणे, आणि त्यांचा मेलचा डबा तारखेने लावलेला. कॉन्ट्रॅक्ट परवाच दुसऱ्याला दिलं.
कुलदीपने हे दारात उभं राहूनच सांगितलं. सांगताना एकदाही दाजी म्हणाला नाही.

मी शांतपणे विश्लेषण केलं. मेल वेळेत गेला. किंबहुना पाच महिने आधी पोचला. वाचायला त्यांनी उशीर केला. शिवाय अमावस्येचा मुद्दा माझा नव्हता. हे सोपानरावांना नीट समजावून सांगितलं. ते म्हणाले, व्हय. म्हटलं, तुम्हीच म्हणालात ना तारीख नको? म्हणाले, व्हय जावईबापू, चूक आमचीच. आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला बोलायला सोपं गेलं असतं.
चिमाबाई मात्र दारात थांबल्या. म्हणाल्या, म्हंजी आमचं काम दसऱ्यालाच ग्येलं व्हय? अन् आमी तवापासनं येड्यावानी लाटत बसलो.
  

१३ मार्च, होळी
पुरणपोळी केली. मला ताट वाढलं, बाकीचे नंतर जेवले. होळीपाशी सोपानराव गेले नाहीत.
पीसीची तारीख पूर्ववत केली. प्रोग्रॅम आता उत्तम चालतो. सिक्युरिटीची टिकही परत लावली. सांगायला गेलो तर ऑफिसात कुणी नव्हतं.

१५ मार्च, शनिवार. वाकड.
तनुजा गाडी घेऊन न्यायला आली. तिला कुणी बोलावलं, माहीत नाही. माझी बॅग कुलदीपने आधीच भरून ओट्यावर ठेवलेली.
निरोप मात्र पूर्ण मानाने. पाटावर बसवलं. कुंकू लावलं. टॉवेल, टोपी, शर्टपीस. सोपानराव म्हणाले, ऑफिसची काळजी आता करू नगा, तुमी तुमचं लिवा. सासूबाईंनी माझ्या ओंजळीत नारळ दिला. म्हटलं, येतो पुढच्या आठवड्यात. त्या म्हणाल्या, तनुजाला धाडा मधनं मधनं.
निघताना चिमाबाई मोठी पातेली घासून पालथी घालत होत्या. हात केला. त्यांचे दोन्ही हात गुंतलेले होते.

 एका सिग्नलला तनुजा म्हणाली, तुला नारळ दिला त्यांनी, कळलं का?
म्हटलं, हो, चांगला मोठा आहे.
तिने माझ्याकडे पाहिलं. सिग्नल सुटला. मागून हॉर्न. तेव्हा कळलं.

फ्लॅट. वर ड्रिल. मांडीवर नारळ.