डॅनची काउंटी, माझं गाव

७ नोव्हें. २००६, गार्चिंग (जर्मनी)
युनिव्हर्सिटीच्या मेन्झात जेवताना वर्गातल्या डॅनने त्याची अमेरिकेतली काउंटी सांगितली. काउंटी म्हणजे आपला तालुकाच. मका, डुकरं, चौकात कोर्ट. समोरून येणाऱ्या प्रत्येक गाडीला हात करतात. कुणाचं कोठार जळलं की दुसऱ्या दिवशी सगळे बांधायला हजर. मग खाली बघून म्हणाला, याच लोकांनी आजोबांच्या काळात काळ्या कुटुंबांना आठवड्यात हाकललं. आजोबाही त्यात. त्या कुटुंबांचंच एक शेत आज आमचं. कान लाल झाले होते बिचाऱ्याचे.
"तुझ्या गावात असलं काही?"
"छे! आमच्याकडे सगळे एकत्र राहतात," मी.
सुजाता शेजारीच. आमच्याच तालुक्यातली, बौद्ध. ताट उचलून गेली.

८ नोव्हें.
धडधडीत खोटं बोलले. बौद्धवाडा ओढ्यापलीकडे. आमच्या विहिरीला हात लावायचा नाही, त्यांच्या घागरीत आजी वरून पाणी ओतायची. एवढी शिकलीस मेधा, काय उपयोग! लाज वाटते.

१० नोव्हें.
डॅन पुढच्या शुक्रवारी फोल्क्सहोखशूलच्या, म्हणजे इथल्या प्रौढशिक्षण केंद्राच्या, हॉलमध्ये काउंटीवर बोलणार. नंतर दहा मिनिटं मी माझ्या गावावर बोलायचं. सगळे एकत्र राहतात त्याचं "चांगलं उदाहरण" म्हणे! आणि मी? "या, गेनाऊ", हो-हो, अगदी, करत मान डोलावली. मूर्ख.

१३ नोव्हें.
बाबांना फोन. विहिरीचं काढलं.
"अगं, तिकडे बसून हे कशाला उकरतेस? आपण कुणाला त्रास दिला?"
मनापासून म्हणाले. मलाही परवापर्यंत तसंच वाटत होतं की.

१४ नोव्हें.
यू-बान मेट्रोत सुजाताला गाठलं. सॉरी म्हणताना रडूच फुटलं.
"ए, रडू नकोस. आता मीच तुझी समजूत काढायची का?"
डोळे पुसले.
"डॅनला सांगितलंस?"
"नाही."
"माझी मावशी तुमच्याच गावात दिलीय. शुक्रवारी मी पुढेच बसणारेय. तू नाही बोललीस तर मी हात वर करीन."
उतरून गेली. वळून बघितलं नाही.

१७ नोव्हें.
हॉलच्या टॉयलेटमध्ये बसून लिहितेय. डॅनचं संपत आलं. सुजाता पहिल्या रांगेत.
भाषण लिहिलं, सगळं आजीवर ढकलून. डॅनला आजोबा, मला आजी, सोयच झाली. पण आजीचे गुडघे दुखायचे, सुट्टीत ती मलाच विहिरीवर पाठवायची. बायका खाली घागरी धरून थांबायच्या. मुद्दाम हळू ओतायचे मी. मजा वाटायची.
त्यांच्यात सुजाताची मावशी असेल.
टाळ्या. आता मला बोलावतील.