कोच डेनिंगर हटाव

१४ नोव्हेंबर, सकाळी ७
काल आपल्या कॉलेजच्या बास्केटबॉल टीमचा सीझनमधला पहिला सामना. एकोणसत्तर–एकाहत्तर, हरलो. नऊ सेकंद उरलेली, टाइमआउट शिल्लक, आणि आपले कोच डेनिंगर हाताची घडी घालून उभे! चुलीवर दूध उतू जाताना सुद्धा माणूस थोडी हालचाल करतो.
संकल्प : यंदा शांत राहायचं. ब्लड प्रेशरमुळे डॉक्टरांनी पंचांवर ओरडायला मनाई केली आहे. कोचबद्दल ते काही बोललेले नाहीत.

१५ नोव्हेंबर
रोंडाच्या डायनरमध्ये कॉफी पिताना चर्चा. ड्वेन हॉस्टेटलर म्हणाला, "अरे वेंडेल, बेंचवर माणसंच नाहीत. सगळी मिळून सात पोरं. टाइमआउट घेऊन तो उतरवणार कुणाला, तुला?" सगळे हसले. मीही हसलो. ड्वेननं शाळेत चाळीस वर्षं गणित शिकवलं, म्हणून त्याला वाटतं आपल्याला सगळंच कळतं. मी तीस वर्षं प्लंबिंग केलं. गळती कुठे आहे ते मला लांबून दिसतं. गळती कोचमध्ये आहे.
गेल्या वर्षी तेरा पोरं होती. कोचनंच पळवून लावली असणार.

३ डिसेंबर
सलग चौथा पराभव. जेवताना बायको, मार्लिस, म्हणाली, कॉलेजनं संगीत विभाग बंद केला, काल पियानो ट्रकमधून गेले. ती तिथल्या प्रवेश-कार्यालयात बावीस वर्षं आहे, तिला असल्या बारीकसारीक गोष्टी मनाला फार लागतात. म्हटलं, बरं झालं, आता तरी बास्केटबॉलकडे लक्ष देतील. तिनं काटा खाली ठेवला आणि माझ्याकडे बघत राहिली. बटाटे कच्चे होते, पण मी बोललो नाही. संसारात सांभाळून घ्यावं लागतं.

११ डिसेंबर
सामना आपल्याच जिममध्ये. हीटर बंद, अर्धे दिवे बंद. पोरांच्या तोंडातून वाफा निघत होत्या. पाहुण्यांचा नेम चुकावा म्हणून कोचनं काढलेली ही शक्कल. आपलाही चुकला. अठ्ठावन्न–ऐंशी.
पॉइंट गार्ड, म्हणजे सगळा खेळ चालवणारा, म्हणून त्या पहिल्या वर्षाच्या ट्रेव्हियन मॅब्रीला का खेळवतो, देव जाणे. पोराच्या हातून चेंडू निसटतो. मी वरून ओरडून सांगितलं. त्यानं वर पाहिलं आणि पुन्हा चेंडू निसटला. माझं म्हणणं सिद्ध झालं.

१९ डिसेंबर
ठरलं. सह्यांचा अर्ज काढायचा : "कोच डेनिंगर हटाव." दोनशे सह्या, नाताळच्या आत.

२६ डिसेंबर
अकरा सह्या. नाताळात लोक भावनिक होतात. मुदत जानेवारीअखेर.

६ जानेवारी
एकशे चाळीस! किराणा दुकानाच्या दारात उभा राहतो. थंडी इतकी, की लोक वाचायला थांबतच नाहीत, सही करून पळतात. एका म्हातारीला वाटलं अर्ज रस्त्यातल्या खड्ड्यांसाठी आहे. तिचा गैरसमज दूर करायला तिच्या मागे धावणार होतो, पण पायाखाली बर्फ होता.
ड्वेननं सही केली नाही. म्हणाला, "घर पेटलंय आणि तू पडद्याचा रंग बदलायला निघालायस." म्हटलं, कुठलं घर? तर म्हणे, "बायकोला विचार."
बायकोला विचारलं. ती म्हणाली, "मला बोलायची परवानगी नाही. पण वेंडेल, तो कागद वर देऊ नकोस. आत्ता नको. वरचे लोक निमित्तच शोधताहेत." कसलं निमित्त, म्हणून विचारलं. तर ती उठली आणि धुतलेल्या बशा पुन्हा धुवायला लागली.
बायकांना मोठ्या निर्णयांची भीती वाटते.

१७ जानेवारी
दिला! दोनशे चौदा सह्या. कॉलेजचे अध्यक्ष डॉ. व्हिटलॉक स्वतः बाहेर आले. कॉफी दिली. माझा हात दोन्ही हातांत धरून म्हणाले, "तुम्ही आमचं काम किती सोपं केलंत, याची तुम्हाला कल्पना नाही."
मला कल्पना आहे. पण नम्रपणे गप्प राहिलो.
येताना पाहिलं, पोहण्याच्या तलावातलं पाणी काढून टाकलंय. सफाई असेल.

१ फेब्रुवारी
लागोपाठ तिसरा विजय! मॅब्रीनं एकट्यानं एकतीस गुण केले. माझ्या अर्जाचा धाक. कोचनं शेवटी टाइमआउट घेतला, पोरांना जवळ ओढलं, काहीतरी बोलला, आणि सातही जण हसले. आता पोरांशी काय बोलायचं ते त्याला कळायला लागलंय. जरा वाईटही वाटलं. अर्ज मागे घ्यावा की काय?
ड्वेन म्हणाला, "घे. आजच्या आज घे." म्हटलं, सोमवारी बघू. रस्ते निसरडे आहेत.

३ फेब्रुवारी, सोमवार
बर्फ. गेलो नाही.

४ फेब्रुवारी
बर्फ नाही. पण गुडघा दुखतोय.

१० फेब्रुवारी
दुपारी जिममध्ये सगळ्यांना बोलावलं. मी पुढच्या रांगेत बसलो, नव्या कोचची घोषणा होणार म्हणून. निळा टाय लावला होता.
डॉ. व्हिटलॉक उभे राहिले. कॉलेजची परिस्थिती कठीण आहे, काहीतरी कापावं लागणार होतं. विश्वस्तांमध्ये दोन मतं होती, कोच डेनिंगर वर्षभर टीमसाठी भांडत होते. "पण गावानंच आम्हाला कौल दिला," असं म्हणून त्यांनी माझा कागद वर धरला. गावाचा टीमवर विश्वास उरलेला नाही, दोनशे चौदा सह्या आहेत. या सीझननंतर बास्केटबॉल बंद.
मी उठून म्हणालो, यात फक्त कोचबद्दल लिहिलंय. अध्यक्ष म्हणाले, "आम्ही तुमच्या भावनेचा आदर करतो." टाळ्या वाजल्या नाहीत.
मॅब्री माझ्याकडे बघत होता. बाकीचे सहाही.

११ फेब्रुवारी
डायनर. माझ्या टेबलावर कुणी नव्हतं. रोंडानं कप ठेवला आणि दुसऱ्या टेबलाकडे गेली. तिचीही सही होती. नंतर ड्वेन येऊन समोर बसला. मला वाटलं आता बोलेल. त्यानं साखरेचं भांडं माझ्याकडे सरकवलं. तेच जास्त वाईट.
घरी मार्लिसनं एवढंच सांगितलं : प्रवेश-कार्यालयातल्या चौघींपैकी दोघी राहणार. कोण, ते शुक्रवारी कळेल.

१ मार्च
सीझन संपला. कोच गाव सोडून चाललेत, हे ऐकून त्यांच्या घरी गेलो. काय बोलायचं ते कागदावर लिहून नेलं होतं. दारात ट्रक उभा. कोच एकटेच सोफ्याशी झटत होते. मला पाहून थांबले. मी खिशात हात घातला. ते म्हणाले, "वेंडेल, ते टोक धर."
धरलं. म्हणाले, डावीकडे. डावीकडे गेलो. म्हणाले, जरा उचल, पायरी आहे. उचललं. म्हणाले, थांब, श्वास घे. घेतला. त्यांनी सांगितलं तसं सगळं केलं. एकदाही वाद घातला नाही.
सातांपैकी पाच पोरांना दुसऱ्या कॉलेजांत जागा मिळवून दिली, दोघांची खटपट चालू आहे, असं ते ट्रकचं दार लावताना म्हणाले. मॅब्रीचं काय, ते विचारायचं धाडस झालं नाही.
घरी आलो. मार्लिसनं विचारलं, "बोललास का?"
म्हटलं, हो. सोफ्याबद्दल.