भाऊसाहेबांची जाड वायर

२७ जानेवारी १९६३, अमरावती
अकोल्याची मंडळी आमच्या कुसुमला पाहून गेली. मुलगा बरा आहे, हसतो तरी. वडील भाऊसाहेब, कापसाच्या जिनिंगमध्ये मॅनेजर, बोलणं म्हणजे तोफ. सगळं जमत आलं होतं आणि त्यांचं लक्ष गेलं आमच्या स्पीकरच्या पेटीकडे. रेडिओ मधल्या खोलीत, पेटी बैठकीत, मधून यांनी ओढलेली दारावरच्या घंटीची बारीक वायर.
"मास्तर, ह्या सुतळीतून आवाज कसा येईन? माह्या घरी मोटारीची जाड तांब्याची वायर लावली. कसा भरून येते आवाज!"
हे पडले विज्ञानाचे मास्तर. "दहा-बारा हात वायरीत काई फरक पडत नाई जी."
झालं. चहा तसाच राहिला. "म्हंजे मले भास होऊन राह्यला?" जाताना म्हणाले, रविवारी वायर घेऊन येतो, मग बोलू. काय बोलू? वायरीचं की लग्नाचं?

२९ जाने.
यांच्याशी अबोला. मुलीच्या बापानं एवढंसं पडतं घेऊ नये? म्हणतात, "मंग वर्गात पोरांले काय तोंड दाखवू?" पोरांना दाखवा तोंड, पोरगी बसू द्या घरात.
 अकोल्याचं नाव निघालं की आमच्या कु.ची तव्यावरची भाकर करपते. आज दोन करपल्या.

३ फेब्रु.
भाऊसाहेब मुलाला घेऊन आले. काखेत वायरीचं भेंडोळं. ठरलं असं: दोन्ही वायरी पेटीला जोडून आत ओढायच्या, पुरुष मंडळी बैठकीत, मी नि कु. आत रेडिओपाशी. आधी बारीक वायर, मग कु.नं जाड लावायची आणि "झालं" म्हणून ओरडायचं.
भजन लागलं होतं. कु. बदलायला गेली तर रेडिओमागचा स्क्रू जाम. नख मोडलं, फिरेना मेला. बाहेरून सारखं, "झालं का? झालं का?" पोरगी घाबरली नि म्हणाली, "झालं." वायर तीच, बारीक.
"ऐका मास्तर! याले म्हंते आवाज!"
मी पदर तोंडात कोंबला. कु. तर भिंतीकडे तोंड करून हसत होती.
मग यांचा आवाज. "हो जी. फरक आहे."
माझं हसू तिथंच विरलं. हा माणूस हेडमास्तरापुढे नमला नाही, माझ्या वडलांपुढे नमला नाही.
लग्न ठरलं. पेढे वाटले. जाड वायर भाऊसाहेबांनी आमच्याकडेच ठेवून दिली.

५ फेब्रु.
कु.ला राहवलं नाही. जेवताना सांगून टाकलं, बाबा, वायर बदललीच नव्हती. यांचा घास हातातच राहिला.
"तुमी माह्यासाठी खोटं बोलले ना?" आणि रडायलाच लागली.
"नाई बाई. मले फरक ऐकू आला."
ती म्हणते, बाबा अजून खोटं बोलून राहिले. मलाही तसंच वाटतं. पण मग... या माणसाला खोटं कधी जमलं? मागे वर्गणीवाले आले तेव्हा "बाबा घरी नाहीत" सांगायला कु.ला दारात पाठवलं, आणि स्वतःच आतून ओरडले, "नाई म्हणून सांग त्याईले!"

८ फेब्रु.
हे म्हणाले, भाऊसाहेबांना खरं काय ते सांगून येतो. मी म्हटलं, नातू झाल्यावर सांगा. आता तोंड उघडाल तर सोयरीक मोडेल. कु. म्हणाली, "सांगू दे आई." मग उठली, आत गेली, डोकं दुखतं म्हणाली.
कोणी गेलं नाही अकोल्याला.

२ मे
लग्न पार पडलं. मांडवात भाऊसाहेब जो भेटेल त्याला सांगत होते, "मास्तरले म्या वायरीत हरवलं!" हे मान खाली घालून हसत होते. मला ते पाहवेना.
निघताना कु. माझ्या गळ्यात पडून रडली. बापाच्या नुसती पाया पडली. "माह्यापायी तुमाले खोटं बोला लागलं, बाबा."  मोटार गेली तरी हे रस्त्यातच उभे.

११ मे
घर खायला उठतं. संध्याकाळी हे बैठकीतून म्हणाले, "तू आत जाय. वायरीचं वाट्टेल ते कर, मले सांगू नको."
स्क्रूला आधी तेल घातलं. जाड वायर लावली, चांगली आवळली. "झालं," म्हटलं.
एक अख्खं गाणं वाजून गेलं. मग, "तू बदललीच नाईस."
मी बारीक वायरीचं सुटं टोक हातात घेऊनच बाहेर गेले. ते पाहून हे हसले, कु.च्या लग्नानंतर पहिल्यांदाच. "पाह्य! काईच फरक नाई. मी काय सांगून राह्यलो होतो!"
"मंग त्या दिवशी?"
हसणं थांबलं. वायर माझ्या हातातून घेतली, बोटाला गुंडाळत बसले.
"त्या दिवशी ऐकू आला वं. कुसुमची शपथ."
पोरीची शपथ हा माणूस कधी घेत नाही.

तिला पत्र लिहायला बसले. खुशाली लिहिली, आंब्यांचं लिहिलं. शपथेचं लिहावं का? लिहिलं तर तिला खरं वाटेल का? आणि मला तरी...