लेखिका सध्या खेड्यात राहतात

२ एप्रिल, बुधवार. सकाळी १०.
सहावी कादंबरी दुकानांत येऊन महिना झाला, माझी प्रत आज हातात आली. कव्हर देखणं. नायिका पुण्यातली नोकरी सोडून गावी येते, चटणी कांडायचा व्यवसाय काढते, सुखी होते. आधीच्या पाच नायिकाही अशाच आल्या होत्या, पण त्यांनी अनुक्रमे लोणचं, पापड, मध, रोपं आणि गोधड्या केल्या. म्हणजे रिपीट होतंय हा आरोप टिकत नाही. नववं प्रकरण सर्वांत सुंदर. सासूबाई सांगायच्या त्या जुन्या चालीरीती त्यात आहेत. छापून आल्यावर पुन्हा वाचायला वेळ झाला नाही.

मलपृष्ठावर प्रकाशक सिद्धेशनी छापलंय : 'लेखिका सध्या खानापूरजवळच्या एका खेड्यात राहतात.' मी त्यांना फोनवर इतकंच म्हणाले होते की माझं मन तिथे असतं. घरी हे म्हणाले, मन तिथं आणि बाई बेळगावच्या खासबागेत दुसऱ्या मजल्यावर. दुर्लक्ष केलं.

५ एप्रिल, शनिवार
निपाणीच्या वाचक-मैत्रिणी मंडळाचं पत्र आलं. चौदा जणी माझं 'खेड्यातलं घर' बघायला येणार. त्यातली सौम्या नावाची वाचक लिहिते की माझी सहाही पुस्तकं वाचून तिने पतसंस्थेतल्या अकरा वर्षांच्या कायम नोकरीचा राजीनामा दिलाय. ३० तारखेला शेवटचा दिवस. मग कोगनोळीला आजीच्या जमिनीवर म्हशी पाळणार. पण त्याआधी मी कशी जगते ते तिला डोळ्यांनी बघायचंय.
डोळे भरून आले. साहित्याने आणखी काय करायचं असतं?
ह्यांनी विचारलं, तिच्या घरी कमावणारं दुसरं कोण आहे. ह्यांना साहित्य कळत नाही.

६ एप्रिल, रविवार
तोडगा सापडला. ह्यांचं मूळ गाव शेवरवाडी. तिथे माझी चुलत जाऊ राजाबाई राहते. एका दिवसासाठी तिचं घर ते माझं घर. फोन केला. तिने तीनदा 'कशाला?' विचारलं, मग बरं म्हणाली. साधी माणसं, पटकन हो म्हणतात.

९ एप्रिल, बुधवार
पाहणीसाठी शेवरवाडीला. दहा वाजता पोचले, तर गावात म्हाताऱ्या सोडल्या तर बाईमाणूस नाही. बहुतेक घरांना कुलपं. कट्ट्यावर एक म्हातारे म्हणाले, साडेसातच्या बसनं समद्या बेळगावला गेल्यात, कामाला. कुणी दवाखान्यात, कुणी दुकानात, राजाबाई उद्यमबागेतल्या कंपनीत पॅकिंगला.
वाईट वाटलं. मी या बायकांना गावात नवं आयुष्य मिळवून द्यायला सहा पुस्तकं लिहिली आणि ह्या रोज सकाळी बसने निघून जातात.
संध्याकाळच्या बसपर्यंत राजाबाईच्या पायरीवर बसून राहिले, ती आली नव्हती. पुढच्या वेळी छत्री.

१३ एप्रिल, रविवार
राजाबाई भेटली. घरात गॅस, मिक्सर, वॉशिंग मशीन. एकूण निराशाजनक. सूचना दिल्या : गॅस आत, चूल बाहेर, मिक्सर कपाटात. वॉशिंग मशीन हलेना. तिच्यावर गोधडी टाकून वर तांब्याची घागर ठेवायची. सोप्यातल्या उखळात चपला भरल्या होत्या, त्या काढायला सांगितल्या. कार्यक्रमाचा मुख्य भाग म्हणजे मी उखळात मिरची कांडणार, अगदी नायिकेसारखी.
तारीख २५, शुक्रवार ठरवली. राजाबाई शुक्रवार नको, रविवार धरा असं सारखं म्हणत होती. रविवारी गावात मोटारसायकली फार असतात, फोटोत येतात. तिचं बोलणं मध्येच थांबवलं. शुक्रवारी कंपनीत रजा टाक म्हटलं.

१४ एप्रिल, सोमवार
निश्चय : पहाटे पाचला उठणे. गीझर बंद. रोज पाच भाकऱ्या थापणे. मोबाईल फक्त सकाळ-संध्याकाळ.

१५ एप्रिल, मंगळवार
साडेआठ. काल उशिरापर्यंत निश्चय लिहीत बसल्यामुळे. गीझर उद्यापासून.

१८ एप्रिल, शुक्रवार
भाकरी तव्यावर टाकताना तीन तुकडे झाले. पीठ जुनं होतं. ह्यांनी तुकडे आमटीत कुस्करून खाल्ले आणि छान म्हणाले. त्यांच्या छानमध्ये काहीतरी होतं. कोपऱ्यावरच्या खानावळीत २५ तारखेसाठी पन्नास भाकऱ्यांची ऑर्डर दिली. चुलीजवळ टोपलीत ठेवल्या की कोण विचारतंय?

२२ एप्रिल, मंगळवार
पुन्हा शेवरवाडी, रंगीत तालमीसाठी. आज गाव कसं मला हवं तसं. शेतात कुणी नाही, दोरीवर एक कपडा नाही, जात्या-उखळाचा आवाज नाही. घरी असलेल्या म्हाताऱ्या अंगणात नुसत्या बसलेल्या. याला म्हणतात संथ जगणं. दोन पानं नोंदी काढल्या.
राजाबाई कामावर. तालीम राहिली. हरकत नाही, मी मनात केली.

२४ एप्रिल, गुरुवार
सौम्याचा मेसेज. म्हशीवाल्याला विसार देऊन ठेवलाय. घरचे बोलत नाहीत. 'पण मॅडम, तुम्ही करू शकला, तर मीही करेन.' उत्तर पाठवलं : 'माती कधी फसवत नाही.' सहाही पुस्तकांत आहे हे वाक्य.

२५ एप्रिल, शुक्रवार. संध्याकाळी ७.
सविस्तर लिहायची इच्छा नाही. तरी नोंद असावी.
मैत्रिणी अकराला आल्या. मी नऊवारीत, चुलीजवळ. धुराने डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांना भावूक वाटलं. इथपर्यंत उत्तम.
मग मुसळ उचललं. पहिल्या घावाला शेजारचं दार उघडलं. दुसऱ्याला समोरची तीन. तिसऱ्याला यात्रा कमिटीचे मारुतीराव आप्पा सोप्यात उभे. आवाज न चढवता म्हणाले, "वार हाय बाई. यात्रा हुईस्तोवर मंगळवार-शुक्रवार मुसळ उचलायचं न्हाय. तुमाला ठावं न्हाय व्हय?"
मी काही बोलायच्या आत सौम्याने पर्समधून पुस्तक काढलं. "मॅडम, नवव्या प्रकरणात तुम्हीच लिहिलंय. यात्रेआधीचे वार पाळतात. कांडायचं नाही, कपडे धुवायचे नाहीत, फोडणी द्यायची नाही." चौदाही जणींनी हे वाचलेलं. मला वाटतं मीच एकटीने नव्हतं.
ती प्रथा आता लोप पावली आहे, असंही मी पुढच्याच ओळीत लिहिलं होतं. त्या ओळीकडे कुणी लक्ष दिलं नाही.
मला देवळात नेऊन नारळ ठेवायला लावला. पुजाऱ्याने गाऱ्हाणं घातलं, त्यात 'शहरातली बाई हाय, चुकली, पदरात घे' असं होतं. निपाणीकर बायकांनी ते नीट ऐकलं. फोडणी नाही म्हणून झणझणीत पिठल्याचा बेत गेला. दहीभात आणि भाकरी. भाकऱ्यांच्या खाली खानावळीचा छापील कागद निघाला.
जेवताना सौम्याने राजाबाईला विचारलं, शेतावरून कधी परतता. राजाबाई म्हणाली, कंपनी सहाला सुटते. सौम्याने पुढे विचारलं, वारादिवशी चालतं का कामाला गेलेलं? "देवीला कंपनी चालती. उखळ चालत न्हाय."
मग राजाबाईने सरळ उठून मशीनवरची घागर खाली ठेवली आणि गोधडी ओढली. मी खुणा करत होते. "ही माज्या पगारातली. ईस वर्सं म्हशीमागं काढली बाई. म्हशीला रजा न्हाय, शिक लीव्ह न्हाय, दिवाळी न्हाय. पयला पगार हातात घेतला त्या दिवशी मी बसमधी रडले. तुजी परमनंट हाय नव्हं? सोडू नको गं."
सौम्या मशीनवर हात ठेवून बराच वेळ उभी होती. बाकीच्या तिच्याकडे बघत होत्या. माझ्याकडे कुणीच नाही.
परतीच्या बसमध्ये मला बसायला जागा मिळाली, एवढं बरं झालं.

२८ एप्रिल, सोमवार
सौम्याने राजीनामा परत घेतला. मेसेजमध्ये माझे आभार आहेत, 'राजाबाईंची ओळख करून दिल्याबद्दल.' विसार बुडाला पण झोप लागली म्हणते.
काही वाचक शेवटच्या पानापर्यंत पोचत नाहीत. त्याला लेखिका काय करणार?
हे संध्याकाळी न विचारता चहा घेऊन आले.  ते जास्त लागलं.

२ मे, शुक्रवार
सिद्धेशचा फोन. निपाणीच्या बायकांनी राजाबाईचा मशीनसोबतचा फोटो सगळीकडे पाठवलाय. सिद्धेशना आता तिचंच पुस्तक हवंय : गावातली बाई शहरात कामाला जाते आणि माणूस होते. लिहायचं मी. मी त्यांना सांगितलं, हा विषय माझ्या डोक्यात कधीपासून होता.
कव्हरवर मोठ्या अक्षरांत राजाबाईचं नाव. खाली बारीक, शब्दांकन म्हणून माझं. मलपृष्ठाचा मजकूरही वाचून दाखवला : 'शब्दांकनकार खासबागेत राहतात.'
राजाबाईला फोन केला. सहा पुस्तकांच्या वाचकप्रेमाचा अनुभव असलेली लेखिका लाभते आहे, हे तिला समजावलं. ती म्हणाली, "ल्हिवा आक्का, पन मी सांगीन तसं. मधनंच तुमचं काय घालू नका." तिला फक्त रविवार मोकळा, तोही कपडे धुऊन झाल्यावर.
परवा साडेनऊची बस. येताना वॉशिंग पावडरचा दोन किलोचा पुडा आणायला तिने सांगितलाय.