काहीही खेळलात तरी माझे उत्तर हेच

मी, खाली सही करणारा, वय वर्षे चौऱ्याहत्तर, टपाल खात्यातून निवृत्त झालेला कारकून, कामगार संघटनेच्या सभांत 'भोंगा' या नावाने ओळखला गेलेला आणि ई-मेलवरून खेळल्या जाणाऱ्या जागतिक पत्र-बुद्धिबळ अजिंक्यपद स्पर्धेचा पहिल्या दिवसापासूनचा संचालक, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. माझी फुप्फुसे थकली आहेत, डोके थकलेले नाही. डॉक्टरांनी तीस दिवसांची मुदत सांगितली आहे. वकील म्हणाले, थोडक्यात लिहा. त्यांनी माझी भाषणे ऐकलेली नाहीत.

१. दुसऱ्या मजल्यावरचे दोन खोल्यांचे राहते घर माझ्या मुलीला मिळावे. थोरल्या मुलाचे स्वतःचे घर आहे. तो नाराज होणार नाही. झालाच, तर आईच्या आजारपणाची तीन वर्षे या घरात कोण राहत होते ते त्याने आठवावे. बँकेतील शिल्लक दोघांत निम्मी निम्मी. ती किती आहे हे दोघांनाही ठाऊक असल्याने भांडण होण्याचा संभव नाही.

२. पुस्तकांची तीन कपाटे संघटनेच्या वाचनालयाला द्यावीत. समासात मी लेखकांशी भांडलो आहे, ती भांडणे कोणी खोडू नयेत. त्यांतली काही मी जिंकलेली आहेत.

३. माझे बुद्धिबळाचे जुने चावीचे घड्याळ शहरातल्या बुद्धिबळ मंडळाच्या अध्यक्षांना द्यावे. आमच्या खेळात त्याचा उपयोग नाही. भर सभेत ते म्हणाले होते, "ज्यांना समोर बसायची हिंमत नाही त्यांचा हा खेळ." त्या दिवशी माझा घसा बसला होता, म्हणून उत्तर आज देतो. आमच्या चौथ्या स्पर्धेत दोन खेळाडू असे होते, की त्यांच्या देशांच्या फौजा एकमेकांवर तोफा डागत होत्या. एकाच्या गावात दिवसाला तासभर वीज यायची. तो तास त्याने खेळी पाठवण्यात घालवला. दुसऱ्याने तिची पोच दिली, नियमाप्रमाणे पहिली ओळ लिहून: "तुमची खेळी मिळाली." त्या वर्षी त्या दोन देशांतून एकमेकांना गेलेले सभ्य वाक्य बहुधा तेवढेच. पुढे लढाई थांबली, डाव बरोबरीत सुटला. समोर बसण्याची हिंमत म्हणजे काय, हे अध्यक्षांनी मला सवडीने कधीतरी समजावून सांगावे. मला वेळच वेळ असेल.

४. लाकडी पट आणि सोंगट्या थोरल्याला. तो म्हणतो, "बाबा, आता सगळं यंत्रच सुचवतं. तुमची माणसं नुसतं टपाल वाहतात." मी आयुष्यभर टपालच वाहिले. त्यात 'नुसते' असे काही नसते.

५. आता मुख्य मालमत्तेकडे येतो. ती म्हणजे स्पर्धा. नववी अंतिम फेरी चालू आहे. पंधरा खेळाडू, प्रत्येकाचा प्रत्येकाशी डाव, त्यांतले एकतीस डाव अजून अपुरे. प्रत्येक खेळीची प्रत संचालकाकडे येते. एका खेळीच्या विचाराला जास्तीत जास्त चाळीस दिवस मिळतात. तंटा झाला तर निकाल संचालक देतो आणि तो निकाल सर्व खेळाडूंना कळवतो. म्हणजे माणूस मेला तरी खुर्ची एक दिवसही रिकामी राहून चालत नाही.

ही खुर्ची मी जुळाऱ्याला देतो. छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवत तो म्हातारा झाला, म्हणून सगळे त्याला जुळारीच म्हणतात. पहिल्या स्पर्धेची पत्रे आम्ही दोघांनी त्याच्या छापखान्यामागच्या खोलीतून धाडली. संगणक त्याचा होता, बडबड माझी. आज सात वर्षे आम्ही बोललेलो नाही. का, ते पुढच्या कलमात आहे. ते लिहिताना मला कोणी मदत केलेली नाही आणि करूही शकले नसते.

६. आमच्याकडे वेळ वाचवण्यासाठी आगाऊ खेळी पाठवण्याची पद्धत आहे. तुम्ही असे खेळलात तर माझे उत्तर हे, असे लिहून ठेवायचे. ते वचन असते, मोडता येत नाही. सहाव्या स्पर्धेच्या उपांत्य फेरीत जुळाऱ्याने घाईत लिहिले: काहीही खेळलात तरी माझा उंट मागच्या घरात. समोरच्याने घोडा थेट त्याच्या वजिरावर आणला. उंटाची खेळी वचनाने बांधलेली, वजीर हलवता येईना. वजीर गेला, डाव गेला, अंतिम फेरी अर्ध्या गुणाने हुकली.

त्याने मला लिहिले, अरे, वजीर मारून घ्यायचं माझ्या मनात नव्हतं हे कुणालाही दिसेल. खरेच दिसत होते. मी निकाल दिला की वचन ते वचन. सर्व खेळाडूंना पत्र लिहिले, लांबलचक, टाळ्या घेणारे, आणि त्यात हे वाक्य: "आजवर कोणासाठीही असा अपवाद झालेला नाही." तो माझ्या घरी आला. दारातच उभा राहिला आणि म्हणाला, "तू न्याय केला नाहीस. तू भाषण केलंस." तेव्हापासून तो दिसला तो फक्त रस्त्याच्या पलीकडून.

गेल्या महिन्यात मृत्युपत्रासाठी मी जुनी पत्रे लावत होतो. तिसऱ्या स्पर्धेतला माझाच एक निकाल हाती आला. दूरदेशीच्या एका शिक्षिकेने अगदी हीच चूक केली होती. तिला मी लिहिले होते: हे आपल्या मनात नव्हते हे उघड आहे, खेळी मागे घ्यावी. मी ते साफ विसरलो होतो. पण विसरलो म्हणून ते वाक्य खरे ठरत नाही. अनोळखी बाईला मी माणूस म्हणून वागवले आणि मित्राला नियम म्हणून. कारणही लिहितो: मित्राला झुकते माप दिले, असे जगाने म्हणू नये. भांडवलदारांसमोर, मंत्र्यांसमोर, लाठ्यांसमोर मी आवाज खाली केला नाही. लोक काय म्हणतील या तीन शब्दांपुढे मात्र माझी गाळण उडाली.

७. वरचे कलम मी माझ्यामागे वाचले जावे म्हणून लिहिले होते. मुलीने मसुदा वाचला आणि कागद माझ्या मांडीवर ठेवला. म्हणाली, "बाबा, हे मेल्यावर सांगणार? म्हणजे तो उत्तर देऊ शकणार नाही, आणि शेवटचा शब्द पुन्हा तुमचाच."

मी तिला संगणक लावायला सांगितला.

दोन ओळी लिहायला मला अडीच तास लागले. जुन्या निकालाची प्रत जोडली आणि मजकूर असा: सहाव्या स्पर्धेतला माझा निकाल चुकीचा होता व त्यातले एक वाक्य खोटे होते. मी जुळाऱ्याची माफी मागतो आणि संचालकपद त्याच्याकडे सोपवू इच्छितो. निकाल सर्वांना गेला होता, म्हणून माफीही सर्वांना पाठवली. खाली आगाऊ खेळी जोडली: जुळाऱ्याने काहीही उत्तर दिले, पद घेतले, नाकारले, शिव्या घातल्या किंवा गप्प बसला, तरी माझे उत्तर हेच, की चूक माझी होती. हे वचन मोडता येत नाही. तसा निकाल मीच दिलेला आहे.

८. जुळाऱ्याने नकार दिल्यास संचालकपद माझ्या मुलीने अंतिम फेरी संपेपर्यंत सांभाळावे. नियम तिला पाठ आहेत, आणि ती भाषणे करत नाही.

९. हे सर्व लिहून झाल्यावर, सहीपूर्वी, आज सकाळी त्याचे पत्र आले. ते या मृत्युपत्राचा भाग समजावे. पूर्ण मजकूर पुढीलप्रमाणे:

"तुमची खेळी मिळाली. विचाराला माझ्याकडे चाळीस दिवस आहेत आणि मी ते शेवटच्या दिवसापर्यंत वापरणार. तेवढं जगायचं बघ."

डॉक्टरांनी तीस सांगितले आहेत. उरलेल्या दहांची व्यवस्था मला करायची आहे. तरी कोणीही हे मृत्युपत्र उघडण्याची घाई करू नये.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला, आणि दोन्ही साक्षीदारांच्या देखत सही केली. त्यांनी माझ्या देखत केली.

(सही) लिहून ठेवणार, उर्फ भोंगा

साक्षीदार:
१. (सही) तळमजल्यावरचे औषधविक्रेते
२. (सही) औषधोपचार करणारे डॉक्टर. त्यांनी सहीखाली स्वतःच्या अक्षरात लिहिले आहे: "मी 'साधारण तीस' म्हणालो होतो."

स्थळ: माझी राहती खोली, संगणकासमोर
दिनांक: १४ ऑक्टोबर, चाळीसपैकी पहिला दिवस